आयडाहोचं नाव गाळू नका : पॅक-१२ च्या विद्यापीठप्रमुखांना खुलं पत्र

प्रति,
पॅक-१२ कॉन्फरन्सच्या संचालक मंडळावरचे सर्व विद्यापीठप्रमुख

स. न. वि. वि.

मी पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा जुना विद्यार्थी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून १९९७ च्या ऑगस्टमध्ये माती शिकायला तिकडे गेलो, २००१ ला पदवी घेऊन परतलो आणि आता पुन्हा अकोल्यातच आहे. तुमचे, म्हणजे पश्चिम अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या या खेळ-संघटनेचे, शनिवारी रात्री साडेसातला सुरू होणारे अमेरिकन फुटबॉलचे सामने आमच्याकडे रविवारी सकाळी आठला लागतात. पोहे होईस्तोवर पहिला क्वार्टर संपलेला असतो. इतकी वर्षं हे व्यसन जपलं, त्या हक्कानं लिहितोय.

मराठीत का, असं विचाराल. तुमच्या विद्यापीठांच्या नावाची हुडी घालून फिरणारी मुलं आता आमच्या गल्लोगल्ली आहेत. छातीवर जे नाव मिरवतो त्यामागची गोष्ट काय, हे त्यांनीही वाचावं. तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेलच.

दोनच सभासद उरलेलं तुमचं घर १ जुलै २०२६ पासून पुन्हा भरतंय. बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि फुटबॉल सोडून बाकी खेळांसाठी गोन्झागा. आनंद आहे. घर भरलं की भिंतीवर पूर्वजांचे फोटो लागतात, तसं तुम्हीही आता ११० वर्षांचा इतिहास सांगायला लागाल. माझं म्हणणं त्या फोटोंपैकी एकाबद्दल, तुमच्या जुन्या सभासदाबद्दल, आयडाहो विद्यापीठाबद्दल आहे. तो लावायचा राहून जाईल अशी मला भीती वाटते, कारण गेली साठ-पासष्ट वर्षं तो राहूनच गेलाय.

आमच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी भारतीय विद्यापीठ संघ देशाचे विभाग पाडतो. नागपूर कुठल्या विभागात, मुंबई कुठल्या, हे विद्यापीठांनी एकमेकांना पसंत करून ठरत नाही. अमेरिकेत कॉन्फरन्स हा प्रकार भिशीसारखा आहे. शेजारपाजारची विद्यापीठं आपखुशीनं एकत्र येतात, नियम ठरवतात, दरवर्षी एकमेकांशी खेळतात आणि जमलेला पैसा वाटून घेतात. भिशीत कुणाला घ्यायचं हे सभासद ठरवतात. आणि ज्याचा आकडा आधीच लागला, तो मध्येच बाहेर पडला तर काय होतं, हे भिशी लावणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा.

तुमची भिशी पोर्टलंडमध्ये एका हॉटेलात २ डिसेंबर १९१५ ला लागली. नाव पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स. सभासद चार : कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ऑरेगन आणि कॉर्वालिसचं ऑरेगन कृषी महाविद्यालय, म्हणजे आजचं ऑरेगन स्टेट. १९१७ मध्ये आमचं पुलमन आलं, १९१८ मध्ये स्टॅनफर्ड, १९२२ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया आणि आयडाहो एकाच वेळी, १९२४ ला मोंटाना, १९२८ ला यूसीएलए. दहा झाले. मोंटानानं १९५० ला रामराम केला.

इथे एक वैदर्भीय फुशारकी मारू द्या. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, पुढे मेक्सिकोत जाऊन गहू-मक्यावर काम करणारे. ते आधी कॉर्वालिसला शिकले आणि मग पुलमनला. ही भिशी लागण्याच्या आधीची गोष्ट, त्यामुळे त्यांना तिचं काही देणंघेणं नव्हतं. पण २०२३ मध्ये तुमच्या बारापैकी दहा उठून गेले आणि दोनच मागे उरले, ते दोन नेमके कॉर्वालिस आणि पुलमन. बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा खानखोजे आठवले. दोन्ही कृषी महाविद्यालयं, दोन्ही मोठ्या शहरांपासून लांब, गव्हा-गवताच्या मुलखात. टीव्हीवाल्यांच्या हिशेबात अशा गावांना किती डोकी, हा प्रश्न येतो. डोक्यांचंच म्हणाल तर याच पुलमनला ऑरव्हिल व्होगेल यांनी बुटका गहू तयार केला, त्याचं बियाणं मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेलं आणि तिथून पुढची पिढी पंजाबात पोचली. तेव्हा तुमच्या गावाकडचं काही कोट्यवधींच्या ताटात होतं. असो, मी मातीवाला माणूस, विषय सोडून शेतात जायची खोड आहे.

आयडाहोकडे येतो.

आयडाहो विद्यापीठ मॉस्को नावाच्या गावात आहे. रशियातलं नव्हे, पुलमनपासून तेरा किलोमीटरवरचं. मध्ये राज्याची हद्द आहे, बाकी सगळा गहूच गहू. अकोल्याहून बाळापूर याहून लांब. दोन्ही विद्यापीठं १८९४ पासून एकमेकांशी फुटबॉल खेळत आलेली. १९३८ पासून एक रीत पडली : ज्या विद्यापीठाचा संघ हरेल त्याच्या विद्यार्थ्यांनी आपल्या कॅम्पसपासून जिंकणाऱ्याच्या कॅम्पसपर्यंत चालत जायचं. बहुतेक वेळा आयडाहोचीच पोरं चालत यायची, कारण पुलमन मोठं आणि तगडं. पण १९५४ मध्ये आयडाहोनं एकोणतीस वर्षांनी पहिल्यांदा सामना मारला आणि पुलमनची सुमारे दोन हजार मुलं-मुली मॉस्कोपर्यंत पायी गेली. देशभर बातमी झाली. ही वारीच म्हणायची, फक्त उलटी. आनंदानं नव्हे, हरल्याबद्दल.

अशा शेजाऱ्याला तुम्ही १९५९ मध्ये बाहेर ठेवलंत. 'तुम्ही' म्हणजे तुमच्या खुर्च्यांवर तेव्हा बसलेले. पण खुर्ची तीच.

कसं झालं ते नीट सांगायला हवं, कारण ते एकट्या आयडाहोपुरतं नाही. १९५६ च्या सुरुवातीला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या खेळाडूंनी प्रशिक्षक जॉन चेरबर्ग यांच्याविरुद्ध बंड केलं, त्यांची नोकरी गेली, आणि त्या भांडणातून बाहेर आलं की शहरातले धनिक चाहते खेळाडूंना गुपचूप पैसे देण्यासाठी वेगळा निधी चालवतात. (चेरबर्ग यांची काळजी नको. त्याच वर्षी ते राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आले आणि १९८९ पर्यंत त्या खुर्चीवरून हलले नाहीत. नोकरी जाण्याचा इतका फायदा मी दुसऱ्या कुणाला झालेला पाहिला नाही.) धागा ओढला तसं यूसीएलए, सदर्न कॅलिफोर्निया, कॅलिफोर्निया, सगळीकडे तेच निघालं. कॉन्फरन्सनं चौघांनाही शिक्षा केल्या. मोठ्या शहरांतल्या विद्यापीठांना त्या फार झोंबल्या. लहान गावांतले लोक मतं देऊन आम्हाला दंड करतात, ही त्यांची खरी तक्रार. शेवटी भिशीच मोडली. ३० जून १९५९ ला पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी कॅलिफोर्निया, यूसीएलए, सदर्न कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन यांनी नवी मांडली. ज्यांना शिक्षा झाल्या होत्या तेच चौघं. लगोलग स्टॅनफर्ड आलं.

मागे राहिले चार : आम्ही, दोन ऑरेगन आणि आयडाहो. १९६२ ला आम्हाला बोलावणं आलं. १९६४ ला दोन्ही ऑरेगनना. आयडाहोला आलंच नाही. १९६८ मध्ये या मंडळीनं पॅसिफिक-८ असं नाव घेतलं तेव्हा जुन्या नऊपैकी आठ घरात होते आणि एक तेरा किलोमीटरवर उभा.

यात आमचं पुलमन काय बोललं? काही नाही. तीन वर्षं दाराबाहेर काढलेली आम्हाला ठाऊक होती, आणि दार उघडल्यावर आम्ही आत शिरून मागे वळून पाहिलं नाही. हे मला वैयक्तिक लाजेसारखं वाटतं, जरी तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

आयडाहो पुढे १९६३ मध्ये बिग स्काय कॉन्फरन्सचं संस्थापक सदस्य झालं. मग वरच्या पातळीवर जायची हौस, त्यासाठी एकामागून एक भिशा, आणि शेवटी २०१८ मध्ये फुटबॉलची वरची पातळी सोडून ते आपणहून खाली उतरलं. असं करणारं ते पहिलं विद्यापीठ. तिथल्या लोकांना यात कमीपणा वाटला, मला शहाणपणा वाटला.

मी पुलमनला असताना माझ्या प्रयोगशाळेतला एक सहकारी भाडं कमी म्हणून मॉस्कोला राहायचा. १९९८ मध्ये जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवर दोन गावांमध्ये चिपमन ट्रेल नावाची पायवाट झाली, त्यावरून सायकलनं यायचा. मी पोचलो त्याच मोसमात आम्ही सदुसष्ट वर्षांनी रोझ बोलला, नववर्षाच्या मानाच्या सामन्याला, गेलो होतो. मिशिगनशी १६-२१ असे हरलो, तरी गावात वर्षभर दिवाळी. त्या ऐटीत १९९९ उजाडलं आणि आयडाहोनं आम्हाला आमच्याच मैदानात हरवलं. २००० मध्ये पुन्हा. सोमवारी सकाळी सहकारी प्रयोगशाळेत आला, एक शब्द बोलला नाही, माझ्या टेबलावर खेळाचे नवे बूट ठेवले आणि मातीचे नमुने चाळायला बसला. बूट त्याच्याच मापाचे होते, मला दोन नंबर मोठे. चालायचं राहूनच गेलं.

आता दुसरा फोटो. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. ऑरेगन स्टेट त्या वर्षी रोझ बोलला पात्र ठरलेलं. किनाऱ्यावर गर्दी नको म्हणून सामना कॅलिफोर्नियाहून उचलून नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅमला, प्रतिस्पर्धी ड्यूकच्या घरी नेला. १ जानेवारी १९४२ ला ऑरेगन स्टेटनं तो २०-१६ असा जिंकला. रोझ बोलमधला त्यांचा हा एकमेव विजय. त्या संघात जॅक योशिहारा नावाचा खेळाडू होता, जपानमध्ये जन्मलेला. त्याला प्रवासाची परवानगी मिळाली नाही. संघ गाडीत बसून गेला, तो मागे राहिला, आणि पुढे त्याची रवानगी जपानी वंशाच्या लोकांना डांबून ठेवणाऱ्या मिनिडोकाच्या छावणीत झाली. ती छावणीही आयडाहो राज्यातच. त्याच्या हातात विजेत्या संघाची अंगठी १९८५ मध्ये पडली, आणि २००८ मध्ये ऑरेगन स्टेटनं मानद पदवी दिली. तोवर तो ऐंशीच्या पुढे गेला होता. उशिरा का होईना, ऑरेगन स्टेटनं मागे राहिलेल्याला यादीत घेतलं. म्हणजे तुमच्यातल्या एकाला हे जमतं.

नंतरचा भाग सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणून भरभर. १९७८ मध्ये ॲरिझोनाची दोन विद्यापीठं आली, पॅक-१० झालं. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की कॉलेज फुटबॉलचे टीव्ही हक्क एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना, एकहाती धरून ठेवू शकत नाही. माझ्या मते तुमच्या मोडतोडीचं मूळ या निकालात आहे, २०२३ मध्ये नाही. विरोधात मत देणाऱ्या दोघांतले एक, न्यायमूर्ती बायरन व्हाइट, स्वतः कोलोरॅडोचे नामांकित फुटबॉलपटू. त्यांनी ओळखलं होतं की बाजार उघडला की खेळाचं शिक्षणाशी नातं उरणार नाही. निकालानंतर नकाशापेक्षा प्रेक्षकसंख्या महत्त्वाची झाली. २०११ मध्ये त्याच कोलोरॅडोला आणि युटाला घेऊन तुम्ही बारा झालात, बारा वर्षांचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा करार केलात, २०१२ मध्ये स्वतःची वाहिनी काढलीत आणि डायरेक्टटीव्हीसारख्या मोठ्या सेवेवर ती शेवटपर्यंत दिसली नाही. दुकान थाटलं, पण रस्त्याकडे दार नव्हतं.

३० जून २०२२ ला लॉस अँजेलिसच्या दोघांनी, सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलएनं, जाहीर केलं की आम्ही बिग टेन नावाच्या दुसऱ्या कॉन्फरन्सला चाललो. २०२३ च्या जुलैत कोलोरॅडो गेलं, ४ ऑगस्टला एका दिवसात पाच, १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया. ही शेवटची दोन, ज्यांच्या खिडकीतून पॅसिफिक दिसतो, ती अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेली. बिग टेनमध्ये आता अठरा आहेत, बिग ट्वेल्व्हमध्ये सोळा, आणि पॅक-१२ मध्ये दोन उरले. अमेरिकेतली इतकी चांगली विद्यापीठं आणि मोजणी ही अशी! पोहणारी, टेनिस खेळणारी, वल्ही मारणारी मुलं आता सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत विमानानं जातात आणि विमानतळावर बसून गृहपाठ करतात.

तेव्हा मी तुमच्या बाजूनं कडाकडा भांडलो. पुलमनजवळच्या कोल्फॅक्सच्या न्यायालयानं निकाल दिला की कॉन्फरन्सचा कारभार उरलेल्या दोघांच्या हाती, तेव्हा अकोल्यात पेढे वाटले. (विचारणाऱ्यांना कारण समजावण्यात अर्धा दिवस गेला.)

पण पुढचं पाहून घास अडकला. आठापेक्षा कमी सदस्यांवर जगायला तुम्हाला दोन वर्षांची मुदत होती. त्या दोन वर्षांत ओसरी कुणी दिली? २०२४ च्या मोसमात फुटबॉलचे सामने माउंटन वेस्ट या दुसऱ्या कॉन्फरन्सनं दिले. बास्केटबॉल आणि बऱ्याच खेळांना वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सनं छप्पर दिलं. आणि १२ सप्टेंबर २०२४ ला तुम्ही माउंटन वेस्टचे चार सभासद उचललेत, थोड्याच दिवसांत पाचवा. ऑक्टोबरात वेस्ट कोस्टमधून गोन्झागा, जी १९७९ पासून त्यांची होती. मराठीत खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात. तुम्ही मोजून थांबला नाहीत, सहा वासे काढून आणलेत.

माउंटन वेस्टनं करारात आधीच लिहून ठेवलं होतं की आमचे सभासद पळवलेत तर दंड लागेल. पाच जणांचा मिळून पाच कोटी पन्नास लाख डॉलर. तुम्ही सह्या केल्या होत्यात. आता तो दंड बेकायदा आहे म्हणून तुम्हीच कोर्टात गेलात. कायद्याचं मला कळत नाही, कदाचित जिंकालही. पण २०२३ मध्ये निघून गेलेल्या दहा जणांविरुद्ध तुम्ही कोल्फॅक्सला जे बोललात, ते आणि आताचं एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहा.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल की माउंटन वेस्ट तरी कुठे धुतल्या तांदळाची? तीही १९९९ मध्ये आठ विद्यापीठांनी एका जुन्या कॉन्फरन्समधून बाहेर पडूनच मांडली. खरंय. सगळ्या भिशा अशाच मोडलेल्या भिशांतून लागल्यात. म्हणूनच मी तुम्हाला सभासद परत करा म्हणत नाही. जगायचं होतं, दुसरा मार्ग मलाही दिसत नाही.

मागणी एवढीच. इतिहास सांगाल तेव्हा १९२२ ते १९५९ च्या यादीत आयडाहो ठळक लिहा, १९५९ नंतर त्याला का बोलावलं नाही तेही लिहा, आणि 'आमच्यावर अन्याय झाला' हे वाक्य त्याच्या आधी येऊ देऊ नका. माउंटन वेस्टशी कोर्टाबाहेर बसून हिशेब मिटवा. आणि पुलमनच्या अध्यक्षांना खास विनंती : आयडाहोशी फुटबॉल अधूनमधून खेळता, पण मानधन देऊन बोलावलेल्या पाहुण्यासारखं, आणि गेली कित्येक वर्षं आपल्याच मैदानात. दरवर्षी खेळा. व्हॉलीबॉल, सॉकर, धावण्याच्या शर्यती, सगळं खेळा. सॅन मार्कोसला, टेक्ससला, अडीच हजार किलोमीटर उडत जाणारच आहात, तर तेरा किलोमीटर बसनं जायला काय हरकत आहे? आणि एक वर्षाआड फुटबॉलही मॉस्कोच्या किबी डोममध्ये. तिथे जेमतेम सोळा हजार माणसं मावतात, तिकीटविक्रीत तोटा होईल, होऊ द्या.

मॉस्कोतल्या त्या पहिल्या सामन्याला मी येईन. हरलो तर १९५४ सारखं चालत जायचं आहे, आणि माझ्याकडे दोन नंबर मोठे बूट अजून नवे पडून आहेत. जाड मोजे घालीन.

कळावे,

आपला,
पुलमनचा एक जुना विद्यार्थी
अकोला